कोर्टाच्या व्हरांड्यातली नोकरी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात पहाटे रस्त्याकडेनं धावणारी पोरं-पोरी दिसली, की कशासाठी पळताय हे विचारावं लागत नाही. पोलीस भरती. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एखादं ठाणं असतं, तपास पथक असतं, निदान खाकीतला फोटो तरी असतोच. कोर्टाच्या दारात उभं राहायची हौस मात्र कुणी सांगत नाही. खात्यातही ही ड्युटी ‘बसून काढायची’ म्हणून हिणवली जाते. गुडघे दुखणाऱ्याला, निवृत्तीला टेकलेल्याला किंवा साहेबांच्या मर्जीतून उतरलेल्याला तिथं पाठवायचं, असा सर्रास समज. माझ्या मते कोर्टावर धडधाकट आणि जिभेवर ताबा असलेला माणूस लागतो. तो कसा तयार होतो, हे भरतीच्या कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू. परदेशी मालिकांत दिसतो तसा खास ‘न्यायालय सुरक्षा अधिकारी’ नावाचा हुद्दा आपल्या तालुक्याच्या कोर्टात नसतो. तिथं असतात ते पोलीस. ठाण्यातून नेमलेले पैरवीचे कर्मचारी समन्स-वॉरंट, साक्षीदार आणि तारखा सांभाळतात. बंदोबस्ताचे अंमलदार दारावर आणि आवारात असतात. तुरुंगातून आरोपी आणणारी कैदी पार्टी बहुतेक वेळा जिल्हा मुख्यालयाची असते. कोर्टाचे स्वतःचे शिपाई, पट्टेवाले आणि बेलीफ वेगळे. त्यांची भरती न्यायालयीन आस्थापनेतून होते. पुकारा करणं आणि साहेबांची दालनं सांभाळणं हे त्यांचं काम आहे, आरोपी सांभाळणं नव्हे. हा फरक पक्का ठेवा. गर्दीच्या दिवशी शिपाईमामांना ‘जरा याच्याकडं बघा’ म्हणून आरोपीपाशी उभं करून चहाला गेलेला अंमलदार पुढं खात्यांतर्गत चौकशीत काय सांगणार?

म्हणजे या कामाचा राजमार्ग पोलीस शिपाई भरती हाच. बारावी पास, खुल्या प्रवर्गाला १८ ते २८ वर्षं वय, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मैदान ५० गुणांचं: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळाले, की एका जागेला दहा जण या प्रमाणात १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावतात. पेपर मराठीत, वेळ ९० मिनिटं. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. जाहिरातीत अटी बदलू शकतात, ती ओळ न ओळ वाचा. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाची. २०१० च्या कायद्यानं हे महामंडळ उभं राहिलं आणि सरकारी आस्थापनांना ते मनुष्यबळ पुरवतं. पण ते काम करारावरचं असतं, पोलिसाची कायम नोकरी नव्हे. सही करण्याआधी हे ध्यानात घ्या.

कोल्हापूरच्या पोरांसाठी आणखी एक बदल झालाय. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता तिथं चालतात. पूर्वी मुंबईला जाणारी माणसं कोल्हापुरात यायला लागली, म्हणजे बंदोबस्तही वाढला. कोर्टाचं काम नीट जाणणाऱ्या अंमलदाराला इथून पुढं जिल्ह्यात मागणी राहणार.

आता आजऱ्याकडं येऊ. आजऱ्याचं कोर्ट दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचं. खून, बलात्कार यांसारखे सत्र खटले इथं चालत नाहीत, ते गडहिंग्लजला जातात. इथं येतात वाटणीचे दावे, बांधावरची मारामारी, न वटलेले चेक, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, गोव्याच्या रस्त्यावर पकडलेली दारू, वाहनांचे गुन्हे. कागदावर सगळी किरकोळ. पण कोर्टाच्या व्हरांड्यात भडका उडतो तो याच किरकोळ प्रकरणांतून. अट्टल गुन्हेगार कोर्टात सहसा शांत असतो, त्याला तारखा पाठ झालेल्या असतात. चुलत्याशी चार गुंठ्यांवरून भांडणारा शेतकरी किंवा बहिणीला माहेरी पाठवून दिल्यामुळं पेटलेला भाऊ, हे आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेले असतात. समोरचा माणूस दोन हातांवर बसलेला असतो, आणि पुकारा व्हायला चार तास असतात.

म्हणून या ड्युटीचं पहिलं काम सकाळी बोर्ड वाचणं. आज कुठल्या प्रकरणात साक्ष आहे, कुठं निकाल आहे, कुठला आरोपी कोठडीतून येणार आहे, कुठल्या दोन भावकींची तारीख एकाच दिवशी पडली आहे, हे दहा मिनिटांत समजतं. पैरवी अंमलदाराला आणि सरकारी वकिलांना विचारलं, की उरलेलं कळतं. मग माणसं कुठं बसवायची ते ठरवा. दोन पक्ष व्हरांड्याच्या एकाच टोकाला बसू देऊ नका. निम्मा बंदोबस्त इथंच होतो. ‘काकू, तुमचं नाव पुकारलं की मी बोलावतो, तुम्ही तिकडं सावलीला बसा’ एवढं म्हटलं तरी बाई निर्धास्त होते आणि सासरच्या माणसांपासून लांबही जाते.

तालुक्याच्या गावात तुम्हाला सगळे ओळखतात. कुणी वर्गमित्र असतो, कुणी मामाच्या गावचा, कुणी बायकोच्या नात्यातला. ही ओळख कामाला येते, कारण गावातलं वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे तुम्हाला बाहेरच्या माणसापेक्षा आधी समजतं. पण तीच ओळख अंगाशीही येते. ओळखीच्या पक्षकाराबरोबर हॉटेलात बसून चहा घेतला, की दुसऱ्या पक्षाच्या लेखी तुम्ही विकले गेलात. चहा घ्यायचाच तर एकट्यानं घ्या. जवळच्या नात्यातलं प्रकरण बोर्डावर असेल तर ठाण्यात आधी सांगून त्या दिवसापुरती ड्युटी बदलून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

झडतीचं काम सगळ्यांत नाजूक. आजऱ्यात माणसं कोर्टातून परस्पर शेताला किंवा बाजारला जातात. पिशवीत विळा असतो, खुरपं असतं, नव्यानं धार लावून आणलेला कोयता असतो. पावसाळ्यात तर प्रत्येकाच्या हातात टोकदार छत्री. म्हातारबाबांची चंची उघडली, तर पानं, सुपारी, चुन्याची डबी आणि त्याखाली लोखंडी अडकित्ता. नवखा अंमलदार इथं आवाज चढवतो, ‘कोर्टात हत्यार घेऊन येताय?’ म्हातारा ओशाळतो, बरोबरचा नातू चिडतो, आणि काही कारण नसताना दारात कालवा सुरू होतो. मुरलेला हवालदार म्हणतो, ‘‘आबा, अडकित्ता माझ्याकडं ऱ्हाऊ दे. सुपारी कातरून घ्या हवी तर, आणि जाताना न विसरता घेऊन जावा.’’ काम तेच झालं, पण म्हातारा नातवाला सांगतो, पोलीस चांगला हाय. काढून घेतलेली वस्तू वहीत नाव-गावासह लिहा, चिठ्ठी द्या, संध्याकाळी परत करा. कोयता परत देताना मात्र वेळ बघा. निकाल विरुद्ध गेलेल्या माणसाच्या हातात पाच मिनिटांत कोयता देऊ नये. आधी समोरचा पक्ष आवाराबाहेर जाऊ द्या.

बाईची झडती बाईनंच घ्यायची, तीही आडोशाला, मर्यादा राखून. कायदाच तसा आहे. महिला अंमलदार नसेल तर पिशवी तपासा, अंगाला हात लावू नका, आणि ठाण्याला कळवून महिला कर्मचारी मागवा. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या तारखांना निम्मी गर्दी बायकांची असते, त्यामुळं अशा बोर्डाच्या दिवशी महिला अंमलदार ही गरज आहे, सोय नव्हे. तिला दिवसभर उभं करताना तिच्यासाठी स्वच्छतागृह आणि बसायला जागा आहे का, हे मात्र कुणी बघत नाही. वरिष्ठांनी बघावं.

झडती सैल पडली की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं उदाहरण नागपूरचं. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव या गुंडाला आणलं होतं. कस्तुरबा नगरमधल्या बायकांचा मोठा जमाव कोर्टात घुसला. मिरचीपूड आणि चाकू घेऊन त्यांनी त्याला कोर्टाच्या खोलीतच ठार केलं. त्यानं वस्तीवर वर्षानुवर्षं केलेले अत्याचार आणि पोलिसांनी त्याकडं केलेला कानाडोळा, यावर बरंच लिहिलं गेलं आहे, आणि त्या बायकांची बाजू समजून घ्यावी अशीच आहे. पण पहाऱ्यावरच्या माणसानं त्यातून वेगळी गोष्ट उचलायची. वस्तीचा राग लपलेला नव्हता. कुठल्या आरोपीवर गाव खवळलेलं आहे हे माहीत असेल, तर त्याला गर्दीच्या वेळी, नेहमीच्या दारानं, दोन अंमलदारांच्या भरवशावर आणायचं नसतं. वेळ बदला, दार बदला, जादा कुमक मागा, आणि सगळ्यात आधी न्यायाधीशांच्या कानावर घाला. मिरचीपुडीचं म्हणाल तर आपल्याकडं चटणी घरोघरच्या डब्यात असते, ती प्रत्येकाची काढून घेत बसू नका. भाकरीबरोबरची चटणी वेगळी आणि पदरात, मुठीत धरलेली पुडी वेगळी. डब्यापेक्षा हात बघा.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. २४ सप्टेंबर २०२१ रोजी रोहिणी न्यायालयात जितेंदर गोगी या टोळीप्रमुखाला गोळ्या घालून मारलं. मारेकरी वकिलाच्या वेशात आत आले होते. काळा कोट पाहून दारावर कुणी अडवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आता वकील मंडळींची झडती हा सगळीकडंच वादाचा विषय. रोज आपल्याशी हसून बोलणाऱ्या वकीलसाहेबांना थांबवायचं तरी कसं? इथं लहान कोर्टाचा एक फायदा आहे. आजऱ्यात नियमित येणारे वकील तुम्ही आठवड्याभरात चेहऱ्यानं ओळखायला लागता. अनोळखी काळा कोट दिसला, की ‘साहेब, कुठल्या प्रकरणात? ओळखपत्र दाखवता का?’ एवढं विचारा. कोल्हापूरहून किंवा बेळगावहून आलेला खरा वकील कार्ड काढून दाखवेल. बाकी नियम वकील संघटनेला आधी विश्वासात घेऊन, न्यायाधीशांच्या संमतीनं ठरवून घ्यावेत. दारात उभं राहून वकिलांशी वाद घालून कुठलाही नियम चालत नाही.

रोहिणीनंतरही असे प्रकार घडत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ रोजी प्रद्युम्न बिष्ट प्रकरणात देशभरच्या न्यायालयांसाठी निर्देश दिले. उच्च न्यायालयांनी गृहखातं आणि पोलीस प्रमुखांशी बोलून सुरक्षा आराखडा करावा, आवारात कायमस्वरूपी सुरक्षा पथक असावं, सीसीटीव्ही बसवावेत, ये-जा तपासावी असा त्यांचा रोख आहे. तालुक्यापर्यंत यातलं किती झिरपलंय, ते आपापल्या कोर्टाच्या दारात उभं राहून बघावं. पण हे निर्देश वाचलेले असले, की दारावरचं मेटल डिटेक्टर बंद पडल्यावर ‘दुरुस्त करून द्या’ असा अर्ज लिहायला बळ येतं. तोंडी सांगू नका. अर्ज लिहा, पोच घ्या.

आरोपीची ने-आण हा या कामातला सगळ्यांत जोखमीचा भाग. व्हिडिओ कॉन्फरन्समुळं कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून आजऱ्यापर्यंतच्या फेऱ्या कमी झाल्या. न्यायालयीन कोठडी वाढवायच्या तारखा पडद्यावर उरकतात. पण अटकेनंतर २४ तासांच्या आत पहिल्यांदा हजर करायचं ते प्रत्यक्षच, सुट्टीचा दिवस असला तरी. आरोपी पळतो तो कोर्टाच्या खोलीतून नाही. पळतो गाडीतून उतरताना, लघवीला गेल्यावर, नातेवाइकांनी गराडा घातल्यावर, आणि परतीच्या वाटेवर पार्टी दमलेली असताना. लघवीला नेताना आधी आत जाऊन खिडकी बघा. जेवण नातेवाइकांच्या डब्यातलं देऊ नका, तंबाखूची पुडीही नको. आईनं कितीही रडत आणलं असलं तरी नको. डब्यातून ब्लेडही येतं, मोबाइलही येतो, आणि विषबाधा झाली तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो.

बेडीबद्दल नीट समजून घ्या. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला आणि १९९५ च्या सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या निकालांमुळं सरसकट बेडी घालायला मनाई झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ (३) मध्ये अटक करताना आणि कोर्टात हजर करताना बेडी वापरायची मुभा आहे, पण ती ठरावीक आरोपींसाठी: सराईत, पूर्वी पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला असे गुन्हे. बांधावरच्या मारामारीतल्या आरोपीला बेड्या घालून बाजारपेठेतून चालवत आणणं हे कायद्यात बसत नाही, आणि माणुसकीतही नाही. बेडी घातली तर कारण डायरीत लिहा. आणि बेडी नाही म्हणून आरोपी निसटला तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २६१ खाली निष्काळजीपणानं आरोपी निसटू देणाऱ्या लोकसेवकाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी तुम्हीच. त्यावर उपाय एकच, माणसं पुरेशी घेऊन निघा. पुरेशी मिळत नसतील तर तसं स्टेशन डायरीत नोंदवून निघा.

निकालाचा दिवस वेगळा. जामिनावर असलेला, सकाळी आपल्या मोटरसायकलवरून आलेला माणूस दुपारी तीन वाजता एका वाक्यात कैदी होतो. त्याच्या पायांत जोर असतो, दार समोर असतं, नातेवाईक मागं असतात. निकाल वाचायला सुरुवात होण्याआधी एका अंमलदारानं गाजावाजा न करता दारापाशी जाऊन उभं राहावं. न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा देता येते. आरोपी जामिनावर असेल आणि अपील करणार असेल, तर तेच कोर्ट त्याला अपिलापुरता जामीन देऊ शकतं. हे नातेवाइकांना माहीत नसतं, ते रडारड सुरू करतात. ‘वकिलांना भेटा, जामिनाचा अर्ज देता येतो’ हे एक वाक्य ताईला किंवा दादाला शांतपणे सांगितलं, तर पुढचा अर्धा तास सोपा जातो. सल्ला मात्र तेवढाच. वकिली करायला जाऊ नका.

कोर्टाच्या खोलीत मालक न्यायाधीश. कुणी आरडाओरडा केला, तर तुमची नजर आधी न्यायाधीशांकडं जायला हवी. त्यांनी सांगितल्याशिवाय कुणाची गचांडी धरायची नाही. हल्ला होत असेल तरच अपवाद. कोर्टाचा अवमान करणाऱ्याला बसवून ठेवायचं की सोडायचं, हे तेच ठरवतात. कोर्ट खुलं असतं, म्हणून मळक्या कपड्यांतला माणूस बाकावर बसला तर त्याला उठवायचा अधिकार तुम्हाला नाही. बलात्काराच्या खटल्यांसारखी बंद दारामागची सुनावणी वेगळी, तिथं न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय कुणालाच आत सोडायचं नाही. पीडितेचा किंवा आरोपीचा जबाब न्यायदंडाधिकारी नोंदवत असतील, तर वर्दीतल्या माणसानंही बाहेर थांबायचं. दार लावून घ्या आणि दाराला कान लावू नका.

व्हरांड्यात ऐकलेल्या गोष्टींकडं मात्र कानाडोळा करू नका. साक्षीदाराला बाजूला घेऊन ‘मिटवून टाक, गावात राहायचंय ना?’ म्हणणारा माणूस प्रत्येक कोर्टात भेटतो. तडजोड करणं गुन्हा नाही, पण खोटी साक्ष द्यायला धमकावणं गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २३२. असं कानावर आलं, तर भांडत बसू नका. साक्षीदाराला सरकारी वकिलांपाशी नेऊन बसवा आणि त्यांना सांगा. ते न्यायाधीशांसमोर मांडतील. २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, हे साक्षीदाराला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

पैशांचा मोह लहान आकड्यांतून येतो. ‘पाच मिनिटं भेटू द्या, चहापाण्याला देतो.’ शंभर-दोनशेची नोट. ती खिशात गेली, की पुढच्या वेळी मोबाइल आत द्यायला सांगतात आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. समोरचा लाचलुचपत विभागाचा पंच घेऊन आलेला असू शकतो, ही भीती आहेच. भेटीचा अर्ज वकिलामार्फत न्यायाधीशांपुढं करता येतो, तो रस्ता दाखवा आणि नोट परत करा.

अंगाचं म्हणाल, तर चांगले बूट घ्या, सकाळी पोटभर खाऊन या, आणि पाय हलवत राहा. दिवसभर एका जागी उभं राहून पायांच्या शिरा फुगलेले अंमलदार कमी नाहीत.

भरतीची तयारी करणाऱ्यांना एक सांगणं. मैदान, पेपर आणि क्लास चालू असतानाच एखाद्या सोमवारी आजऱ्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. मोबाइल बंद ठेवा, शर्टाची बटणं लावा, कुणाशी बोलू नका. सकाळपासून कोर्ट उठेपर्यंत बसा आणि आतल्या युक्तिवादापेक्षा दारावरचा अंमलदार कुठं बघतो ते बघा. परवानगी लागत नाही, कोर्ट सगळ्यांसाठी खुलं आहे.